तपासणीच्या दिवशीची माणसं

"ऊठ. झालं तुझं काम."

क्लार्क असं म्हणला तेव्हा मी नर्सिंगच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले हुते. अंगात पांढरा गणवेश, सकाळी त्यानंच दिलेला. नगरच्या कडंला आमची वस्ती आन् वस्तीला लागून ह्या संस्थावाल्यांचं पत्र्याच्या शेडातलं कॉलेज. मान्यता द्यायची का ते तपासायला कमिटी यायची हुती, पोरी कमी पडत हुत्या, म्हणून आमाला बसवलं. मॅडमनी त्या दिवशी खरंच शिकवलं. हृदय कसं चालतं ते. मी बारावी झालेली, सगळं समजत हुतं. येडी मी, मला वाटलं आता कॉलेजात घेतील. कमिटीची गाडी गेली आन् क्लार्क म्हणला, "गणवेश काढा. चुरगाळू नका." संडासात उभं राहून काढला. भाईर फी भरलेल्या पोरी हसत हुत्या.

शेडाची इमारत झाली. मग इंजिनिअरिंग, मग पार हायवेला दवाखाना, मग कमानीवर सोनेरी अक्षरात विद्यापीठ. क्लार्कचा रजिस्ट्रार झाला. दर तपासणीला आमची वस्ती टेम्पोत. कधी विद्यार्थी, कधी पेशंट. वस्तीतलं एकबी पोरगं तिथं शिकलं न्हाई. लई चीड येते.

औंदा परत टेम्पो आला. आदल्याच दिवशी आई तापानं फणफणलेली. तिला ह्यांच्याच दवाखान्यात घेऊन गेले तर खिडकीतनं म्हणले, "खाट रिकामी न्हाई." आन् आता वॉर्डभर रिकाम्या खाटा, आमची वाट बघत. मी आईला घेऊनच टेम्पोत चढले. रजिस्ट्रारनं तिला दारातच थांबवलं.

"हिला नको. ही खरंच आजारी आहे, काही झालं तर निस्तरायचं कोणी?"

मला झोपवलं. सुई न्हाई, नुसती सलाईनची नळी हाताला चिकटवली. नर्सनं शिकवलं, पोटात दुखतंय म्हणायचं.

कमिटीतल्या डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय, ताई?"

"मला काय झालं न्हाई. जिला झालंय ती दारात बसलीय."

तो हातातल्या कागदात बघत पुढच्या खाटेकडं गेला. ऐकलं हुतं त्यानं, चांगलं ऐकलं हुतं.

रजिस्ट्रार कानाशी वाकला. "ऊठ. चल, नीघ."

मी खाटेची कड धरली. "न्हाई उठत. आईला आणा, ह्याच खाटेवर घ्या, मंग उठते."

आणलं. कमिटी अजून वॉर्डात हुती म्हणून आणलं, माणुसकीनं न्हाई.

विद्यापीठाला परत मान्यता मिळाली म्हणे. मिळू दे. पुढच्या तपासणीला टेम्पो येईल, तेव्हा मी सगळी वस्ती घेऊन चढणार हाय. सांगतील त्या बाकावर बसू, सांगतील त्या खाटेवर झोपू. आन् ऊठ म्हणले की कोणी उठायचं न्हाई.