मावशींची तळी आणि आमची अँटिबॉडी

लोकांना खरं कळलंच पाहिजे, असा हट्ट धरून तुम्ही कधी कुणाला खोटं सांगून आलात का? मी आले आहे.

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. त्यामुळे प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्यावर आणि अणदूरला रक्ताचे नमुने घ्यायला गेल्यावर पहिलं भांडण झालं ते माहितीच्या हक्कावरून.

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, “हे संशोधनाचं मोजमाप आहे, दवाखान्याचा रिपोर्ट नाही. लोकांना आकडे सांगायचे नाहीत.”

“रक्त त्यांचं आणि आकडे आपले? वा!”

सर वैतागले. “मग तूच सांग जाऊन.”

मोजायचं होतं इन्सुलिन. शरीर आधी प्रोइन्सुलिन नावाची लांब साखळी बनवतं. तिचा मधला तुकडा कापला गेला की इन्सुलिन तयार होतं, आणि साखरेवरचं काम मुख्यतः तेच करतं. रक्तात ते शोधायला अँटिबॉडी वापरतात. ती ठरावीक रेणू ओळखते आणि त्याला चिकटते. मग नमुना टाकलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमधल्या छोट्या खाचेत पिवळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितकं इन्सुलिन जास्त.

साखरेच्या गोळ्यांना कंटाळलेल्या एका शेतकरी मावशींच्या खाचेत रंग चांगलाच गडद आला. मी त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, “मावशी, तुमच्या अंगात इन्सुलिन भरपूर आहे.”

“म्हंजी कमी न्हाय?”

“अजिबात नाही.”

इन्सुलिन भरपूर असलं तरी साखर वाढलेली राहू शकते, हे मी बोललेच नाही. हक्क मिळवून दिल्याचा आनंदच इतका होता.

गोळ्या सुटू देत म्हणून मावशी खंडोबाला नवस बोलल्या होत्या. रविवारी त्यांनी तळी भरली. नवसाविरुद्ध तावातावानं बोलणारी मी आमंत्रण आल्याबरोबर गेले. “हिनं निरोप आणला, हिला फुडं बसवा,” म्हणत त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा फासला. यळकोटाच्या गजरात ताम्हण वर गेलं.

“आता गोळ्यांना सुट्टी!” मावशी म्हणाल्या. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि भरीत-रोडगा दोनदा मागून घेतला.

नंतर सरांनी अँटिबॉडीची परीक्षा घ्यायला लावली. एका खाचेत मी नुसतं प्रोइन्सुलिन टाकलं. तिथंही तसाच पिवळा रंग चढला. आमची अँटिबॉडी दोघांना सारखीच चिकटत होती. मावशींच्या त्या गडद रंगात खरं इन्सुलिन किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सर म्हणाले, “दुसरी मागवू.” प्रयोगशाळेपुरतं प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

मी अणदूरला गेले. मावशी शेंगा फोडत होत्या. ओंजळभर माझ्यासमोर ठेवल्या. मी म्हणाले, “मावशी, मी सांगितलं ते चुकलं. तुमच्यात इन्सुलिन किती आहे ते आम्हाला कळलेलंच नाही. गोळ्या घेताय ना?”

“तुझ्यासमोर तर बंद केल्या की गं! जावंनं बी केल्या माझं बगून.”

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. “आता देवाला काय सांगू? चुकून भरली तळी, परत कर म्हनू?”

मग त्या उठल्या. “चल. जावंला तूच सांग. माझं ऐकायची न्हाय ती.”

जाऊबाई दारातच उभ्या होत्या. मी परत सगळं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, “आदी येऊन सांगायचं, मग येऊन फिरवायचं. आमी काय तुमच्या प्रयोगाची उंदरं हाव व्हय?”

हे असलं वाक्य मी स्वतः कितीदा पत्रकात लिहिलं होतं. तेव्हा त्यातल्या ‘तुमच्या’मध्ये मी कधीच नव्हते.

दोघींना घेऊन मी दवाखान्यात गेले. साखर दोघींचीही वाढली होती. डॉक्टर त्यांनाच रागावले, “मनानं गोळ्या कशा बंद केल्या?” चूक माझी आहे, असं मी म्हणाले, पण इतक्या हळू की दोघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मावशी माझ्याशी बोलतात, पण रक्त द्यायला आता त्यांच्या गल्लीतलं कुणी हात पुढं करत नाही.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी एखादा आकडा ऐकून साखरेची गोळी सोडली असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्यांना सोबत घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा.