परत आणलेला नारळ

लंडनमध्ये वेम्बलीच्या दुकानात नारळ कानाशी धरून हलवला. आतलं पाणी वाजलं आणि आई आठवली.

मी लहान असताना ईस्टरच्या सुट्टीत बाबा आम्हाला गाडीने समुद्रावर घेऊन गेले होते. आई मालवणची; समुद्राला वाहायला तिने आठवणीने नारळ घेतला होता. पोचलो तर ओहोटी. नजर जाईल तिथवर नुसता चिखल.

"थांबू या ना, येईल पाणी," आई म्हणाली.

"मुलं गारठलीत गं. पुढच्या ईस्टरला नक्की येऊ." बाबांनी गाडी वळवली.

घरापर्यंत नारळ तिच्या मांडीवर होता. मधूनच ती तो कानाशी धरून हलवायची.

पुढचा ईस्टर तिने पाहिलाच नाही.

भरतीची वेळ आता फोनवर दिसते. थांबू या म्हणणारंच कोणी उरलं नाही. मी नारळ परत ठेवला.