आळंदच्या आडतीतला समुद्र

आळंदच्या बाजारात तुरीची आडत चालवणाऱ्या अण्णांनी गादीशेजारी काचेच्या टाकीत खारं पाणी करून प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे ठेवलेत. बोलताना त्यांची नजर पाण्यातच असते.

परवा दुपारी शाळेत शिकवून येताना मी तिथं टेकलो, तर वीज गेलेली, टाकीचा पंप बंद. गिऱ्हाइकं परत पाठवून अण्णा तांब्यानं टाकीतलंच पाणी उचलून पुन्हा आत सोडत होते.

"कामून, अण्णा?"

"पाणी हललं न्हाई की गुदमरतेत, सर."

"समुद्र बघितलाव का कधी?"

"न्हाई." तांब्या माझ्याकडं करत म्हणाले, "हात भरून आलाय. जरा तुम्ही ओता. हळू."

मी ओतत राहिलो. वीज आली तेव्हा मासे फिरत होते, ऊन उतरलं होतं, आणि घरी जायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.