ताईने भिंतीला टांगलेल्या गोधड्या

मुरबाडहून मावसभावाचा फोन आला तेव्हा मी शहापूरला ऑफिसात होते. ताई त्याच्याकडे लग्नाला गेली होती. "मांडवात अचानक कोसळली, दवाखान्यात आणलंय तिला, ये लगेच." मी पोचले तेव्हा ती शुद्धीत होती. "बाबांच्या कानाच्या मशीनचा सेल संपत आलाय, जाताना घेऊन जा," एवढं म्हणाली आणि झोपली. झोपेतच गेली. मी कागदांवर सह्या केल्या, गाडी ठरवली, सेल घेतला. रडायचं राहून गेलं... अजून राहिलंय.

गावी, शेणव्याच्या घरी ताई आणि बाबा दोघंच. बाबा खाटेवरून उठत नाहीत. जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, खाली टाइल्स घातल्या, आणि मशीन लावूनही बाबांना बोलणं कळेना. एक शब्द भिंतींवर घुमत राही, पुढचा त्यातच बुडे. ताईने कुणाचं तरी ऐकून आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. घुमणं तसंच, पाली तेवढ्या राहायला आल्या. "आता कोंबड्या कधी आणतेस गो?" शेजारची काकू विचारायची. मग भाताची झोडणी झाली, भरलेल्या गोणी बाबांच्या खोलीत रचल्या, आणि बाबा पहिल्या हाकेला ओ देऊ लागले. गोणी गिरणीत गेल्या तसं पुन्हा "काय? काय?" सुरू. ताईने ते बरोबर पकडलं. जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या शिवल्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे, बांबूंवर टांगल्या.

"भिंतीला थंडी वाजते का गो?" बाबा चिडवायचे.

"वाजू दे. तुमाला ऐकू येतंय ना?"

सुतक फिटताना घरातलं सगळं पांघरूण धुतात. बायकांनी भिंतीवरच्या गोधड्याही उतरवल्या. भेटायला येणारे खाटेशी वाकून ओरडत, बाबा सगळ्यांपुढे मान डोलवत. मला मात्र एकच विचारत, "दुखलं का गो तिला?" मी सांगे, ओरडून सांगे. ते माझ्या ओठांकडे बघत राहत आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारत.

जाड गोधड्या लवकर वाळत नाहीत. वाळल्या त्या दुपारी मी स्टूल घेतलं आणि एकेक बांबूवर चढवली. तिच्या टाक्यांवरून हात फिरवायला थांबले नाही. शेवटची टांगून उतरले, तर बाबांनी पुन्हा विचारलं.

"नाही बाबा! दुखलं नाही! झोपेत गेली!" मी सवयीने ओरडले.

"वरडू नको गो. ऐकलं मी."

मग ते रडले. मोठ्याने, बराच वेळ. खोलीत त्याचा आवाज कुठेच घुमला नाही.