धरणाऱ्याचा आवाज

परवा कपाट आवरताना जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची रेक्झिनची पिशवी हाती लागली, आणि डांबरगोळीच्या वासासरशी बंगळुरातल्या बसवनगुडीच्या घरातली गौरीजेवणाची ती सकाळ आठवली. ओळखीच्या दुकानदाराने बाबांना तो मुठीत मावणारा कॅमेरा ‘घरी वापरून बघा, नाही पटला तर उद्या परत आणा’ म्हणून दिला होता. बाबा तो घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले. आई पुरणपोळ्या लाटत होती, तुपाचा धूर दाटला होता. ‘झूम झकास आहे, पोळीवरचा फोडसुद्धा दिसतोय,’ बाबा बोलत होते, ‘पण अंधारात चित्र भुरकट येतंय. स्वल्प उजेडात सरक की गं.’ आई म्हणाली, ‘पोळी करपेल तुमच्या नादात, तुम्हीच सरका.’ दुपारी टीव्हीला जोडून पाहिलं तर आईचं बोलणं पुसटसंही नाही. बाबांचा मात्र श्वाससुद्धा खणखणीत. बाबा वैतागले, ‘समोरच्याचं काही नाही, धरणाऱ्याचंच सगळं ऐकू येतंय! असला कॅमेरा काय कामाचा? उद्या परत.’ आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, ‘राहू दे हो, मी बरी दिसते यात.’ तेवढ्यावर कॅमेरा राहिला. पुढे प्रत्येक सणाला तो बाबांच्याच हातात असे, त्यामुळे ते एकाही चित्रात नाहीत. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काल मी तो पुन्हा टीव्हीला जोडला. आई पडद्याकडे पाठ करून अवरेच्या शेंगा सोलत बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही, एवढंच म्हणाली, ‘स्वल्प आवाज वाढव.’