वर्नाबाई आणि चिकटपट्टीचा झगा

डक्ट टेप ही वस्तू मुळातच वाईट आहे असे वर्ना क्लॉपफेन्स्टाइन यांनी कधीही म्हटले नव्हते. त्यांचे यजमान लोवेल याच रुपेरी चिकटपट्टीने ट्रॅक्टरची फाटलेली गादी, गोठ्यातले गळके बूट, टपालपेटीचे झाकण आणि एकदा तर स्वतःचा चष्मा सांधत आले होते, आणि त्याबद्दल बाईंनी हूं की चूं केले नव्हते. जे मोडले ते पेरणी उरकेपर्यंत तग धरून राहावे, एवढ्यापुरती त्या पट्टीची योग्यता होती आणि तेवढ्यात ती चोख होती. बाईंचा आक्षेप एवढाच होता, की तिचा वास घ्यावा लागू नये, ती अंगाला लागू नये, आणि तिला कुणी कापड म्हणू नये. दुर्दैवाने त्या वर्षी वेल्टन हायस्कुलात या तिन्ही गोष्टी घडल्या, आणि त्याही त्यांच्याच शिवणवर्गात.

तो शिवणवर्ग त्यांनी सव्वीस वर्षे चालवला होता. वस्त्रविद्येची पदवी घेतलेल्या बाई ओहायोच्या त्या सपाट, मक्याच्या शेतांनी भरलेल्या कोपऱ्यात दुसऱ्या नव्हत्या, आणि असायला हव्यात असेही कुणाला वाटत नव्हते. उरेब, म्हणजे तिरका, कापलेला घेर का झुलतो, काजाची टीप आधी का मारायची आणि काज मागाहून का चिरायचे, हे त्यांनी शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलींना शिकवले. मुली शिकल्या, परीक्षा दिल्या आणि महामार्गावरच्या दुकानात जाऊन तयार कपडे विकत घेऊ लागल्या. याची चीड बाईंच्या पोटात मुरली होती. तरी खोली होती, आठ यंत्रे होती, खिडकीतून सकाळचे ऊन बेतायच्या टेबलावर पडत होते. तेवढ्यावर त्या तगून होत्या.

जानेवारीत मुख्याध्यापक कर्क स्टॅम दारात उभे राहिले. ते एकेकाळी याच वर्गात शिकले होते, आणि त्यांनी शिवलेल्या उशीची एक बाजू शेवटपर्यंत उघडीच राहिली होती.

"बाई, बसू का?"

"बस. त्या खुर्चीवर टाचण्या आहेत, बघून बस."

कर्क उभेच राहिले. "शाळेचं बोर्ड जूनमध्ये या खोलीचा निकाल लावणार आहे. कुस्तीच्या कोचला वजनाची यंत्रं ठेवायला जागा हवीय."

"त्याला व्यायामशाळा आहे."

"ती बास्केटबॉलवाल्यांची. तुमच्या वर्गात यंदा मुली किती?"

"सहा. आणि एक मुलगा. तो चुकून आलाय, पण टीप सरळ मारतो."

कर्कनी उसासा टाकला आणि आपला फोन पुढे केला. पडद्यावर कुठल्याशा गावची एक जोडी उभी होती. मुलीचा झगा मोरपिशी, मुलाचा कोट सोनेरी, आणि दोघेही असे चकाकत होते की नुकतेच रंगाच्या डब्यातून उपसून काढले असावेत. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या वर्षअखेरच्या नाचाला, नखशिखांत चिकटपट्टीचा पोशाख स्वतः तयार करून जाणाऱ्या जोड्यांची ती स्पर्धा होती. जिंकणाऱ्यांच्या कॉलेजच्या खर्चाला हातभार, शाळेचा देशभर बोलबाला.

"आपली टेटम रीगसेकर आणि तिचा कोल्ट तयार आहेत. तुमचा हात लागला तर जिंकतील. आणि जिंकलेल्या खोलीला कुलूप लावायची बोर्डाची छाती होणार नाही. बघा बाई, दुसरा उपाय मला सुचत नाही."

"कर्क, कपडा कशाला म्हणतात, सांग पाहू."

"अंगावर घालतात त्याला."

"तसा चिखलही फासता येतो अंगाला."

पण त्यांनी नाही म्हटले नाही, आणि नाही न म्हणण्याचा तो अपमान घेऊन त्या घरी गेल्या. लोवेल जेवता जेवता हसले.

"तुझी आजी कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यांचे झगे शिवायची की! मग पट्टीनं काय घोडं मारलंय?"

"पोतं धुता येतं, लोवेल."

"पट्टीही धुता येते. मी ट्रॅक्टरच्या गादीवर पाण्याचा पाइप मारतो."

"तू त्या गादीवर बसतोस. ती नेसून नाचत नाहीस."

"मला कुणी बोलवत नाही गं नाचायला," लोवेल म्हणाले आणि त्यांनी आणखी बटाटे वाढून घेतले.

टेटम ही उंच, बडबडी, हाताची चपळ मुलगी. दुधाचा टँकर चालवणाऱ्या बापाची ती थोरली लेक. हा खर्च कुणी उचलला नाही तर कॉलेज तिच्या नशिबात नव्हते आणि ते तिला ठाऊक होते. म्हणून ती कामाला अशी भिडली, की तिच्यावर रागावणे बाईंना जमेना. तो सगळा राग मग पट्टीच्या वाट्याला आला, आणि पट्टी त्या रागाला पुरून उरली.

पहिले काम ताव बनवण्याचे. पट्टीचे तुकडे एकावर एक थोडे चढवत टेबलावर उताणे मांडायचे, त्यांच्यावर दुसरा थर पालथा दाबायचा. मग दोन्हीकडून गुळगुळीत, आतून चिकट असा एक कातडीसारखा ताव तयार होई. त्याला उभा धागा नव्हता, आडवा नव्हता, अंगावर पडण्याची रीत नव्हती, श्वास नव्हता. चुणी घालावी तर ती पत्र्यासारखी मोडे. खोलीत रॉकेल आणि जळक्या रबराच्या मधला कसलासा वास बसला, तो बाईंच्या केसांत, स्वेटरात आणि डब्यातल्या पावाच्या कापांतही शिरला. त्यांच्या जर्मन कातरीच्या पात्यांवर राखाडी गोंदाची पुटे चढली. त्या पुटांत दोरे, केस, माशांचे पंख असे सगळे येऊन रुतून बसे. दर संध्याकाळी त्या ती पाती तेलाच्या चिंधीने पुसत आणि चिंधी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकत.

मग अंगाचे साचे. जुना बनियन घालून माणसाला उभे करायचे, गळ्यापासून मांडीपर्यंत त्याला पट्टीने आवळून गुंडाळायचे, मग पाठीवर चिरून माणूस बाहेर काढायचा आणि उरलेल्या टरफलात वर्तमानपत्रे कोंबायची. टेटम या सगळ्या वेळात हसत राहिली. कोल्ट नॉफझिगर मात्र गप्प होता. तो शाळेचा पैलवान, आणि फेब्रुवारीतला तो आठवडा जिल्ह्याच्या कुस्त्यांचा. ठरल्या वजनात बसण्यासाठी त्याने दोन दिवस पोटात काही घातले नव्हते. उरलेसुरले पाणीही अंगातून जावे म्हणून तो एका बाटलीत सारखा थुंकत होता. बाटली अर्धी भरली होती.

"ती टेबलावरून खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"बाई, सांडेल."

"म्हणूनच सांगतेय."

"टेटम, लवकर गुंडाळ गं," कोल्ट पुटपुटला, "मला चक्कर येतेय. आणि या पट्टीला बर्गरचा वास का येतोय?"

"तुला आज भिंतीलाही बर्गरचा वास येईल," टेटम म्हणाली.

बाईंनी स्वतः फीत धरून त्याची मापे ताडून पाहिली, टेटमची चूक निघते का ते बघत. निघाली नाही. मापे बिनचूक होती. आपल्या हातून वेगळीच, मोठी चूक होऊन गेली आहे, हे त्यांना कळायला एप्रिलची अखेर उजाडावी लागली.

कुस्त्या संपल्या आणि कोल्ट जेवायला लागला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले होते. त्या गावात उपास म्हणजे चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी पोटाला तडस लागेस्तोवर तळलेले मासे. त्यावर ईस्टरचे डुकराचे मांस, आजीचे केक, चुलत्याच्या लग्नातले नूडल्स. प्रॉमला चार दिवस उरले असताना तो कोट चढवायला आला, तेव्हा दारातून आधी त्याचे पोट आले आणि मागून तो. रुपेरी कोटाच्या दोन्ही कडांमध्ये वीतभर अंतर राहिले. विजारीचे तर नावच नको.

"श्वास आत घे!" टेटम ओरडली.

"घेतलाय! हा आत घेतलेलाच आहे!"

"दोन महिन्यांत एवढं कुणी खातं का रे, रेड्या?"

"मी पाच महिने उपाशी होतो, ते तुला दिसलं नाही!"

टेटम जमिनीवर बसली आणि रडू लागली. बाई मात्र साच्याकडे पाहत राहिल्या. कोपऱ्यात फेब्रुवारीतला कोल्ट उभा होता, खप्पड, फासळ्यांचा. कुस्तीच्या मोसमात पैलवानाचे माप घेऊ नये, ही गोष्ट त्या खोलीत फक्त त्यांनाच सुचायला हवी होती. कापड असते तर शिवणीत जादा सोडलेली माया उसवून दोन बोटे तरी सोडवली असती. पट्टीला कसली माया नि कसली शिवण! पट्टीच्या नादाने आपलीही अक्कल गहाण पडली, या विचाराने त्यांना स्वतःचाच उबग आला.

क्षणभर त्यांनी ठरवलेही, की हे इथेच बुडू द्यावे. मग त्यांची नजर आठ यंत्रांवरून फिरली, आणि मग जमिनीवरच्या मुलीवर थांबली.

"ऊठ. रुपेरी पट्टी किती उरलीय?"

"काहीच नाही," टेटम हुंदका देत म्हणाली. "लाल आहे थोडी. पिशवीला वापरणार होते ती."

"आण."

कोटाच्या दोन्ही बगला त्यांनी खांद्याखालून घेरापर्यंत उभ्या चिरल्या, पाठही मधोमध चिरली, आणि वर निमुळत्या, खाली रुंद अशा लाल कळ्या बेतून त्या चिरांत बसवल्या. विजारीलाही तेच केले. कळी कशी बेतावी हे हातांना पाठ होते. फक्त हातांखाली कापडाऐवजी तो किळसवाणा ताव होता, आणि प्रत्येक कळी बसवताना बोटांची कातडी थोडी थोडी त्याला चिकटून जात होती. काम संपल्यावर त्यांना ते ठिगळांनी सांधलेल्या बंबासारखे दिसले. कोल्टने आरशात पाहिले आणि म्हणाला, "बाई, आग लागलीय अंगाला! जबरदस्त!"

प्रॉमच्या संध्याकाळी अवेळी उकाडा झाला. बाईंना देखरेखीला उभे राहावे लागले, हातात अंगाच्या पावडरीचा डबा घेऊन, कारण उकाड्याने पट्टीच्या कडांतून गोंद पाझरू लागला होता. व्यायामशाळेत मोजे, केसांचा फवारा आणि तापवलेल्या चीजचा संमिश्र दर्प दाटला होता. बाटलीतला उन्हाळा, म्हणजे अंग तांबूस करणारे मलम, चोपडून संत्र्यासारख्या झालेल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. टेटमला झग्यात बसता येत नव्हते. ती उभ्यानेच नळीने सरबत पीत होती. झग्याखालून घामाची धार तिच्या बुटांत उतरत होती. संथ गाण्यावर कोल्टचा हात तिच्या पाठीला चिकटला आणि सोडवताना असा चर्र आवाज झाला, की बाईंनी डोळे मिटले. दोघेही हसत होते. हे हसण्यासारखे आहे असे या पोरांना वाटते, याचीच त्यांना सर्वांत जास्त किळस आली.

प्रॉमचे फोटो स्पर्धेला गेले, आणि मेअखेरीस निकाल आला: जोडी जिंकली. परीक्षकांनी म्हणे त्या लाल ज्वाळांची विशेष वाखाणणी केली होती. कर्कनी ते ध्वनिक्षेपकावरून साऱ्या शाळेला ऐकवले. टेटम धावत येऊन बाईंच्या गळ्यात पडली, आणि बाईंनी तिच्या पाठीवर थोपटले, कारण मुलीच्या कॉलेजची सोय झाली होती आणि त्यात पोरीचा काही दोष नव्हता.

जूनमध्ये बोर्डाची सभा भरली. अध्यक्ष होते धान्याच्या कोठारांचे मालक. त्यांनी अभिमानाने जाहीर केले, की खोली राहणार. तिला आता चिकटपट्टी कार्यशाळा म्हणण्यात येईल, नव्या वर्षासाठी आत्ताच तेवीस मुलांनी नावे दिली आहेत, आणि वर्नाबाईंसारखी मार्गदर्शक दुसरी नाही. मोठ्या टेबलांसाठी जागा हवी, म्हणून शिवणयंत्रे तेवढी हलवावी लागतील.

टाळ्या झाल्या. बाई उठल्या. गावच्या कुणालाही सभेत तीन मिनिटे बोलता येई, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ती एकदाही मागितली नव्हती.

"त्या ज्वाळा नाहीत," त्या म्हणाल्या. "ती ठिगळं आहेत. मी उपाशी मुलाच्या मापावर कोट करू दिला, आणि मुलगा जेवायला लागला. माझी चूक झाकायला लावलेल्या ठिगळांना बक्षीस मिळालंय."

सभेत हशा पिकला. "वा! याला म्हणतात डोकं!" कुणीतरी मागून ओरडले. पुन्हा टाळ्या झाल्या, आधीपेक्षा मोठ्या.

बाईंनी हशा ओसरेपर्यंत वाट पाहिली. "यंत्रं जाणार असतील तर खोली कुस्तीवाल्यांना द्या."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"पैलवानांना. ते निदान काम झाल्यावर आंघोळ करतात."

"वर्नाबाई," कर्क खाली वाकून कुजबुजले, "अहो, खोली वाचलीय! तुमचीच खोली. नीट विचार करा. मग तुम्ही शिकवणार काय?"

"शिवण. नाहीतर काही नाही."

"म्हणजे काही नाही?"

"म्हणजे काही नाही, कर्क."

कुस्तीचा कोच एव्हाना उभाच राहिला होता. खोली कुस्तीला देण्यावर मतदान झाले, पाच हातांपैकी चार वर गेले. पाचवा हात अध्यक्षांचा, आणि तो बाईंच्या आदरापोटी वर गेला नाही, असे नंतर कुणीसे म्हणाले. लोवेलनी शेजारून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. 

पुढचा विषय वाहनतळावर खडी टाकण्याचा होता. सभा अर्ध्यावर सोडून जाणे त्या गावात असभ्य समजले जाई, म्हणून बाई मांडीवर हात जुळवून बसून राहिल्या. खडी जाड असावी की बारीक, यावर तिघे बोलले, दोघे भांडले, एकाने आपल्या अंगणातला नमुना खिशातून काढून दाखवला. त्या वादातली तळमळ अगदी खरी होती. बारीक खडी मंजूर झाली. मग बाई उठल्या, त्यांनी आपली खुर्ची आत सरकवली आणि लोवेलबरोबर बाहेर पडल्या.