जाड पॅकिंग

भाकरीच्या परातीतला उंडा उचलून इंजिनात घालणारा नवरा कोणाला मिळाला असेल? मला मिळाला.

गोंडपिपरीला आमच्या अंगणात लाकडं वाहायचा जुना ट्रक उभा असायचा. आमचे हेच त्याचे मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा तो कोळशाच्या गॅसवर चालायचा. गॅसला जोर कमी, म्हणून आधीच्या मालकानं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून बसकं केलेलं. आता पेट्रोल आलं, तर त्या हेडखाली तांब्याचं पॅकिंग किती जाड घालायचं, याचा ह्यांना ध्यास. चांद्याहून दोन आणली होती, एक पातळ, एक जाड.

"पातळ लावलं त चढावर जोरात पयते, पण ठोकते अन् जळते. जाड लावलं त बैलावानी चालते, पण दगा नाई देत."

माझा जीव मात्र दुसरीकडे होता. माहेर भामरागडच्या अलीकडे, नदीवर मासे धरणाऱ्यांचं. आईच्या डोळ्यांवर पडदा चढत होता. तिचा निरोप आला, "नातीले डोये भरून पाहू दे, मंग अंधार झाला तरी चालते." पोर नुकती बसायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "जा, पण दोन दिवसांत ये. रोवणा तोंडावर हाये." खरंच होतं. सून नसली तर चिखलात वाकून धान कोण रोवणार? आणि स्वतःच्या आईपुढे हे नेहमीसारखे मूग गिळून बसलेले. असा संताप आला होता मला!

मग त्यांनी माझा उंडा उचलला, तेल लावून पिस्टनवर ठेवला, पातळ पॅकिंग घालून हेड बसवलं आणि हँडलनं इंजिन फिरवलं. हेड काढलं तर उंडा पापडासारखा चपटा. "जागाच नाई राह्यली. जाडच लावा लागते," स्वतःच म्हणाले. आणि निघायच्या दिवशी पाहते तर पातळ बसवून मोकळे!

"काऊन?"

"चढ हाये ना मंधात."

ट्रक पळाला, खोटं कशाला बोलू. सागाच्या पानांतून ऊन गळत होतं, मांडीवर पोर झोपलेली, आणि रानाच्या वासानं मलाही गुंगी आलेली. जागी झाले तेव्हा माहेरचं अंगण होतं, आणि इंजिनातून वाफ फुसफुसत होती. पॅकिंग जळलं होतं.

"चांद्याशिवाय नाई भेटत," हे म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले. जाड घरीच राहिलं म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले. चार दिवसांत नदी फुगली. रस्ता गेला.

मग दिवस एकमेकांत मिसळून गेले. कुडाच्या भिंतीला ओल, चुलीवर मासे, सगळीकडे पाण्याचा आवाज. आई पोरीला उजेडाकडे धरून तासन् तास पाहत बसायची. "हनुवटी तुह्यी हाये," म्हणायची. पुन्हा थोड्या वेळानं, "नाई, नाई, माह्यी हाये!" पोर रांगली. भिंत धरून उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं ते आईच्या अंगावरच पडली. तेही आईनं पाहिलं. मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही, आणि रोज नवऱ्याला शिव्या घालत होते.

पोळा झाला तोवर आईला नुसता उजेड-सावली कळत होती. नदी उतरली. त्या सकाळी ह्यांनी ट्रकच्या सीटखाली हात घातला आणि माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं जाड पॅकिंग बाहेर काढलं.



"हे कवापासून होतं इथी?"

त्यांनी इंजिनातून मान वर काढली नाही.

"रोवणा झाला ना आता?" म्हणाले. "पाना दे."

मी पाना दिला, आणि तिथंच ट्रकच्या चाकाला टेकून रडले.